शॅम्पेनच्या बाटलीवरची ‘ही’ दोन बारीक अक्षरं सांगतात, आतली वाईन कंपनीची आहे की शेतकऱ्याची

फॉर्म्युला वनची रेस संपली की पोडियमवर काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जिंकणारा ड्रायव्हर भलीमोठी बाटली हलवतो आणि शेजारच्याला नखशिखांत भिजवतो. ही फवारणीची प्रथा १९६७ साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या रेसमध्ये सुरू झाली. अमेरिकन ड्रायव्हर डॅन गर्नी याने जिंकल्याच्या आनंदात बाटली हलवून समोरच्यांवर उडवली आणि पुढे सगळेच तसं करायला लागले.

तेव्हापासून शॅम्पेन म्हणलं की फेस, आवाज, पार्टी आणि श्रीमंती एवढंच डोळ्यासमोर येतं. लग्नाच्या व्हिडिओत, वाढदिवसाच्या रीलमध्ये बाटली फुटते, उडते आणि संपते. तिची चव कशी होती, हे कुणी विचारत नाही आणि ती कुणी बनवली, हे तर त्याहून नाही.

पण शॅम्पेनच्या लेबलवर अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक कोड छापलेला असतो. त्यातली पहिली दोन अक्षरं वाचली की कळतं, की ही बाटली एखाद्या मोठ्या कंपनीने शेकडो गावांतली द्राक्षं विकत घेऊन बनवली आहे, की एखाद्या शेतकऱ्याने आपल्याच शेतातल्या द्राक्षांची, आपल्याच तळघरात. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीला जगभरात ‘ग्रोअर शॅम्पेन’ म्हणतात. ती कशी ओळखायची आणि तिची चव नेमकी कशी घ्यायची, तेच समजून घेऊ.

आधी शॅम्पेन म्हणजे काय, ते क्लिअर करू

शॅम्पेन हे एका जागेचं नाव आहे. पॅरिसच्या पूर्वेला साधारण दीडशे किलोमीटरवर हा भाग आहे. रॅन्स आणि एपर्ने ही तिथली मुख्य शहरं. या भागात पिकलेल्या द्राक्षांपासून, ठरलेल्या नियमांनी बनलेल्या फेसाळ वाईनलाच शॅम्पेन म्हणता येतं. बाकी सगळ्या स्पार्कलिंग वाईन.

इथे मुख्यतः तीन जातींची द्राक्षं लागतात. शार्दोने हे पांढरं द्राक्ष, तर पिनो न्वार आणि मूनिए ही दोन काळी. काळी द्राक्षं हलक्या हाताने दाबली की रस जवळपास पांढराच निघतो, कारण रंग सालीत असतो. म्हणून तोडणी मशिनने करायला परवानगी नाही, सगळी हाताने होते. ४,००० किलो द्राक्षांतून फक्त २,५५० लिटर रस काढायचा, हाही नियमच आहे. म्हणजे एका बाटलीला साधारण १.२ किलो द्राक्षं लागतात.

या रसाची आधी साधी, बिनफेसाची वाईन बनते. मग ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बूच लावून तळघरात ठेवतात. बंद बाटलीत पुन्हा आंबवण होते आणि त्यातून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला जागा नसल्याने वाईनमध्येच विरघळतो. शॅम्पेनचे बुडबुडे ते हेच, बाहेरून गॅस भरलेला नसतो. आतला दाब ५ ते ६ बारपर्यंत जातो, गाडीच्या टायरच्या अडीच-तीन पट.

काम संपलं की यीस्ट मरून तळाशी गाळ होऊन बसतं. हा गाळ लगेच काढत नाहीत, कारण महिनोन्महिने त्याच्या संगतीत राहूनच वाईनला पावाचा, बिस्किटाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. बाटली भरल्यापासून किमान १५ महिने ती विकता येत नाही, त्यातले किमान १२ महिने गाळासोबत काढावे लागतात. एकाच वर्षाच्या द्राक्षांची, लेबलवर साल छापलेली शॅम्पेन असेल तर किमान ३ वर्षं. शेवटी बाटली उलटी करत करत गाळ तोंडाशी आणतात, तो उडवून टाकतात, रिकाम्या जागेत थोडी वाईन आणि हवी तर साखर घालतात आणि कायमचं बूच ठोकतात.

द्राक्षं शेतकऱ्याची, नाव कंपनीचं

आता खरा विषय.

शॅम्पेनमध्ये साधारण ३४,००० हेक्टरवर द्राक्षबागा आहेत आणि १६,००० च्या आसपास शेतकरी आहेत. म्हणजे सरासरी एका शेतकऱ्याकडे दोन हेक्टर, आपल्या हिशोबात पाच एकर. सगळ्या बागांपैकी जवळपास ९० टक्के या शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत. मोठ्या कंपन्यांकडे, ज्यांना तिथे ‘हाऊस’ म्हणतात, जेमतेम १० टक्के जमीन आहे.

पण विक्रीचे आकडे बघितले की चित्र उलटं होतं. वर्षाला विकल्या जाणाऱ्या २७ ते ३० कोटी बाटल्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त बाटल्यांवर या कंपन्यांचं नाव असतं. जगाला माहीत असलेली मोए ए शांदों, व्हव क्लिको, मम ही सगळी नावं त्यातलीच.

ऊस शेतकऱ्याचा आणि साखरेच्या पोत्यावर नाव कारखान्याचं, असं हे गणित आहे. फरक एवढाच की साखर कुठल्याही शेतातल्या उसाची असो, गोड सारखीच लागते. द्राक्षाचं तसं नसतं. एका गावातल्या उतारावरचं द्राक्ष आणि दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातलं द्राक्ष यांच्या चवीत फरक पडतो.

हा फरक मिटवणं हेच मोठ्या हाऊसचं कौशल्य आहे. शेकडो गावांतली वाईन आणि जुन्या वर्षांचा राखीव साठा मिसळून ते दरवर्षी तीच चव देतात. पाऊस पडो, गारपीट होवो, बाटली उघडली की ओळखीची चव मिळणार. हेही सोपं काम नाही आणि त्यात कमीपणाही नाही. पण या मिश्रणात शेत कुठलं, गाव कुठलं आणि शेतकरी कोण, हे सगळं विरघळून जातं.

१९११: शेतकऱ्यांनी वाईन नदीत ओतली

या नात्यात एकदा मोठा भडका उडाला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शॅम्पेनमध्ये फायलोक्सेरा नावाची कीड शिरली. ती द्राक्षवेलींची मुळं पोखरते. त्यात विसाव्या शतकाची सुरुवातीची वर्षं पिकाच्या दृष्टीने वाईट गेली आणि १९१० साली तर पीक जवळजवळ हातचं गेलं. तिकडे शॅम्पेनची मागणी मात्र चढीच होती. मग काही कंपन्यांनी फ्रान्सच्या दुसऱ्या भागांतली स्वस्त द्राक्षं आणि वाईन रेल्वेने आणायला सुरुवात केली आणि ती शॅम्पेन म्हणून विकली.

जानेवारी १९११ मध्ये शेतकऱ्यांचा संयम सुटला. मार्न नदीकाठच्या दामेरी आणि आसपासच्या गावांत त्यांनी बाहेरून आलेली वाईन अडवली आणि नदीत ओतली. एप्रिलमध्ये आयी या गावात कंपन्यांच्या इमारती पेटवल्या. सरकारला सैन्य पाठवावं लागलं.

भांडण शेतकरी विरुद्ध कंपनी एवढंच नव्हतं. दक्षिणेकडच्या ओब जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना १९०८ साली ठरलेल्या हद्दीतून वगळलं होतं आणि तेही रस्त्यावर उतरले होते. शॅम्पेन नेमकं कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न मिटायला १९२७ चा कायदा यावा लागला. त्यात ओबही आत आला.

त्या काळात द्राक्षाच्या भावासाठी गावांची श्रेणी ठरवली गेली. सगळ्यात वरच्या गावांना ठरलेल्या भावाच्या १०० टक्के, बाकीच्यांना त्याखाली उतरत्या टक्क्यांनी. आजही १७ गावांच्या वाईनवर ‘ग्रां क्रू’ असं मानाने लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या भावाच्या यादीत आहे. ठरलेल्या भावाची पद्धत १९९० मध्ये संपली, पण गावांचा मान तसाच राहिला.

मग शेतकऱ्याने स्वतः बाटली भरायचं का ठरवलं?

पहिलं कारण नाइलाज. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आली, कंपन्यांनी द्राक्षं उचलायचं कमी केलं. पीक दारात पडून राहिलं तर करायचं काय? काहींनी सहकारी संस्था काढल्या, काहींनी घरच्या तळघरात वाईन बनवायला घेतली.

दुसरं कारण अभिमानाचं. १९७१ साली काही शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन एक क्लब काढला. त्याची ‘स्पेशल क्लब’ नावाची खास आकाराची बाटली आजही निघते. सभासदाला त्याची वाईन आपल्या मनाने या बाटलीत भरता येत नाही. लेबल न दाखवता बाकीच्यांना चाखायला द्यावी लागते, एकदा बाटलीत भरण्याआधी आणि एकदा मुरल्यावर. दोन्ही वेळा पास झाली तरच तिला ती बाटली मिळते.

तिसरं कारण एका माणसाचं. आविझ गावचे आन्सेल्म सेलोस यांनी बरगंडी भागात वाईनचं शिक्षण घेतलं. तिथे प्रत्येक शेताची वाईन वेगळी ठेवतात. घरी परतल्यावर त्यांनी तोच विचार शॅम्पेनला लावला. पीक मुद्दाम कमी घ्यायचं, मातीकडे लक्ष द्यायचं, वाईन ओकच्या पिंपात ठेवायची आणि साखर कमीत कमी घालायची. १९९४ साली ‘गो ए मियो’ या फ्रान्समधल्या प्रसिद्ध गाइडने त्यांना देशातला सर्वोत्तम वाईनमेकर ठरवलं. हा मान शॅम्पेनमधल्या कंपनीला नाही, एका शेतकऱ्याला मिळाला होता. त्यांच्याकडे पाहून पुढची एक पिढी तयार झाली.

आता तुम्ही म्हणाल, यात शेतकऱ्याचा फायदाच फायदा असेल. तसं नाहीये.

अलीकडच्या वर्षांत शॅम्पेनच्या द्राक्षाला किलोमागे साधारण ६ ते ७ युरो मिळतात. द्राक्षं कंपनीला दिली की पैसे ठरल्याप्रमाणे येतात, डोक्याला ताप नाही. स्वतः वाईन करायची म्हणली तर दोन हेक्टरमधून, हेक्टरी १० टन धरले, तर सोळा-सतरा हजार बाटल्या निघतात. त्या तीन वर्षं मुरवायच्या तर कुठल्याही वेळी तळघरात पन्नास हजार बाटल्या पडून, म्हणजे तेवढं भांडवल अडकून. प्रेस, टाक्या, बाटल्या, बुचं, विक्री, निर्यातीची कागदपत्रं, सगळं घरच्या दोन-चार माणसांनी बघायचं. वर जमिनीचा भाव सरासरी हेक्टरी दहा लाख युरोच्या पुढे गेलाय. त्यामुळे वारसाहक्काचा कर भरून, भावंडांचा वाटा देऊन शेत एकत्र ठेवणं हीच मोठी कसरत असते.

म्हणूनच एकूण विक्रीत शेतकऱ्यांच्या बाटल्यांचा हिस्सा गेल्या काही दशकांत घटत आलाय. त्यांचं नाव मोठं होतंय, पण संख्या कमी होतेय.

आता लेबल वाचायला शिकू

कोडमधली पहिली दोन अक्षरं रोमन लिपीत असतात.

आर एम म्हणजे ‘रेकोल्तां मानिप्यूलां’. स्वतः पिकवणारा आणि स्वतः वाईन बनवणारा शेतकरी. बाहेरची द्राक्षं फार तर ५ टक्के घेता येतात. ग्रोअर शॅम्पेन ती हीच.

एन एम म्हणजे ‘नेगोसियां मानिप्यूलां’. द्राक्षं किंवा वाईन विकत घेऊन शॅम्पेन बनवणारा. सगळी मोठी हाऊस इथे येतात.

सी एम म्हणजे सहकारी संस्था. सभासदांची द्राक्षं एकत्र करून संस्थेच्या नावाने वाईन विकली जाते.

आर सी म्हणजे शेतकऱ्याने द्राक्षं सहकारी संस्थेला दिली, वाईन संस्थेने बनवली आणि त्यातल्या बाटल्या घेऊन शेतकऱ्याने आपलं नाव लावून विकल्या. नाव शेतकऱ्याचं दिसतं, पण हात त्याचा नाही. इथेच अनेक जण फसतात.

एम ए म्हणजे सुपरमार्केट, हॉटेल वगैरेंनी दुसऱ्याकडून बनवून घेऊन आपलं नाव लावलेली बाटली.

कोड झाला की आणखी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, साखर. ‘ब्रूट नेचर’ म्हणजे वरून साखर घातलेली नाही, लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी. ‘एक्स्ट्रा ब्रूट’ म्हणजे ६ ग्रॅमपर्यंत. ‘ब्रूट’ म्हणजे १२ ग्रॅमपेक्षा कमी. ‘दमी-सेक’ म्हणजे ३२ ते ५० ग्रॅम, चांगलीच गोड. गंमत म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेली वाईन ब्रूटपेक्षा गोड असते. बरेच ग्रोअर एक्स्ट्रा ब्रूटच्या आसपास राहतात, कारण साखर कमी असली की द्राक्षाची चव झाकली जात नाही. अर्थात द्राक्ष कच्चं असेल तर तेही झाकलं जात नाही.

दुसरी, गाळ काढल्याची तारीख. ती सगळे देत नाहीत, पण चांगले ग्रोअर हमखास छापतात. त्या दिवसापर्यंत वाईन गाळासोबत होती, त्यानंतर तिचं वेगळं आयुष्य सुरू झालं. गाळ काढून महिनाच झाला असेल तर वाईन थोडी विस्कटलेली लागते, चार-सहा महिन्यांनी ती सावरते.

तिसरी, गावाचं नाव आणि मुख्य वर्ष. कंपनीच्या बाटलीवर ते सहसा ठळक नसतं. ग्रोअरला मात्र तेच सांगायचं असतं.

बाटली उघडताना आवाज नको

ठो करून बूच उडवलं की भारी वाटतं, पण बुचाचा वेग डोळा निकामी करू शकतो आणि गॅसही वाया जातो. योग्य पद्धत अशी. आधी बाटली नीट थंड करायची. वरची तार सैल करायची, पण अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरायची, एका हातात बूच घट्ट पकडायचं आणि दुसऱ्या हाताने बूच नाही, बाटली फिरवायची. बूच हळूहळू वर येतं आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होतो. तेवढाच हवा.

ग्लास उंच, चिंचोळा फ्लूट नको. त्यात बुडबुडे छान दिसतात, पण नाक आत जात नाही, त्यामुळे वास कळत नाही. जुन्या सिनेमांतली पसरट वाटीही नको, तिच्यातून वास आणि गॅस दोन्ही लगेच उडतात. मधे फुगीर आणि वर किंचित निमुळता असा ट्युलिपसारखा ग्लास घ्यायचा. तो नसेल तर साधा व्हाइट वाईनचा ग्लास उत्तम.

ओतताना ग्लास तिरका धरून कडेने ओतायचं, बिअरसारखं. रॅन्स विद्यापीठातले जेरार लिजे-बेलेर हे शास्त्रज्ञ शॅम्पेनच्या बुडबुड्यांवरच संशोधन करतात. त्यांच्या टीमने मोजून दाखवलंय की कडेने ओतलं की सरळ मधे ओतण्यापेक्षा जास्त गॅस वाईनमध्ये टिकतो. ग्लास तसाच ठेवला तर त्यातून साधारण दहा लाख बुडबुडे निघतात, हा अंदाजही त्यांचाच.

आणि हे बुडबुडे येतात कुठून? ग्लासच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या कापडाच्या, धुळीच्या अतिसूक्ष्म तंतूंमधून. त्यात हवा अडकलेली असते, तिथे गॅस जमतो आणि माळ सुरू होते. त्यामुळे एका ग्लासात बुडबुडे कमी आणि दुसऱ्यात जास्त दिसले, तर दोष वाईनचाच असेल असं नाही. ग्लासला साबण राहिला असेल तरी फेस लगेच बसतो.

तापमान ८ ते १० अंश. मुरलेली, दमदार वाईन असेल तर १२ पर्यंत चालते. फ्रीझरमधून काढलेली, बर्फासारखी गार वाईन जिभेला बधिर करते. स्वस्त वाईनसाठी ती सोय आहे, ग्रोअरच्या बाटलीसाठी नुकसान.

चव घ्यायची कशी?

आधी फक्त वास. ग्लास न हलवता एकदा, किंचित फिरवून दुसऱ्यांदा. जोरात फिरवायचा नाही, गॅस जातो. पहिल्यांदा फळं शोधायची. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पेर, की लाल फळं? मग त्याच्या मागे बेकरी शोधायची. ताज्या पावाचा, खारीचा, भाजलेल्या बदामाचा वास येतोय का? फळ म्हणजे शेत आणि बेकरी म्हणजे तळघरातला काळ. कुठल्याही शॅम्पेनमध्ये या दोघांचं प्रमाण काय आहे, हे ओळखलं की निम्मं काम झालं.

मग छोटा घोट, आणि तो लगेच गिळायचा नाही. तीन गोष्टी तपासायच्या.

एक, फेस. सोड्याचे बुडबुडे टोचतात आणि पळतात. चांगल्या शॅम्पेनचा फेस मऊ असतो, ताज्या घुसळलेल्या ताकावरच्या फेसासारखा जिभेवर पसरतो.

दोन, आंबटपणा. आवळा खाल्ल्यावर गालांच्या आतून पाणी सुटतं, तसं सुटायला हवं. शॅम्पेन हा द्राक्ष पिकवण्याच्या मानाने थंड प्रदेश आणि त्यातल्या बऱ्याच भागात खाली खडूची जमीन. खडू स्पंजसारखं पाणी धरतो आणि उन्हाळ्यात वेलीला पुरवतो. थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा टिकवून धरतं. आंबट आहे पण बोचत नाही, हा तोल साधला असेल तर वाईन चांगली.

तीन, मागे काय राहतं. गिळल्यावर मनात आकडे मोजायचे. चार-पाचपर्यंत चव गेली तर साधारण. दहा-पंधरापर्यंत रेंगाळली आणि रेंगाळताना बदलली, तर तुमच्या हातात काहीतरी खास आहे.

ग्रोअर शॅम्पेनची खरी मजा तुलनेत आहे. कोत दे ब्लां भागातल्या ल मेनिल गावची, फक्त शार्दोनेची बाटली घेतली, जशी पिएर पेतेर्स हे कुटुंब बनवतं, तर ती सरळ, धारदार, लिंबाची आणि ओल्या खडूची आठवण देणारी असते. आंबोने गावात एग्ली-ऊरिए यांच्या बाटलीत पिनो न्वारचा जोर असतो. ती भरदार लागते, लाल फळांची आणि जेवणासोबत उभी राहणारी. रॅन्सजवळच्या ग्य गावात जेरोम प्रेवो ‘ले बेगीन’ नावाच्या शेतातल्या मूनिएची वाईन करतात. एकेकाळी मूनिएला मिश्रणात भर घालणारं दुय्यम द्राक्ष समजायचे, तेच तिथे मसालेदार आणि खोल लागतं. तिन्हींवर नाव शॅम्पेनचंच, पण एकीची चव दुसरीला येत नाही.

शेवटची गोष्ट घाई न करण्याची. अर्धा ग्लास पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. थोडा गॅस जाईल, थोडी थंडी उतरेल आणि मग पुन्हा चाखा. फेसाचा पडदा बाजूला झाला की खालची वाईन कशी आहे, ते कळतं. साधारण वाईन इथे पाणचट होते. चांगल्या ग्रोअरची वाईन इथे बोलायला लागते.

सोबत खायला काय? फ्रान्समध्ये कालवं खातात. पण तत्त्व सोपं आहे. आंबटपणा आणि फेस तेल कापतात, म्हणून खारट आणि तळलेलं काहीही जमतं. बटाट्याचे वेफर्स किंवा रवा लावून तळलेले बोंबील तिच्यासोबत मस्त लागतील. गोड केक मात्र नको, गोडाने ब्रूट वाईन आंबटढाण लागते. लग्नातल्या केकसोबत शॅम्पेन अनेकांना आवडत नाही, त्याचं कारण हेच.

म्हणजे आर एम दिसलं की डोळे झाकून घ्यायची?

नाही. ती अक्षरं वाईन कुणी बनवली हे सांगतात, किती चांगली बनवली हे नाही. पिकवणारा उत्तम असेल पण बनवणारा कच्चा, असं होऊ शकतं. खराब वर्षात मोठ्या हाऊसकडे जुना साठा असतो, लहान शेतकऱ्याकडे तो तुटपुंजा असतो. उलट काही नावाजलेले शेतकरी शेजाऱ्याची थोडी द्राक्षं घ्यायला लागले की नियमाने त्यांचा कोड एन एम होतो, पण काम तेच राहतं. म्हणून कोड ही सुरुवात समजायची, निकाल ग्लासात लागतो.

आणि ग्रोअरची बाटली दरवर्षी तशीच लागणार नाही, हेही मान्य करून घ्यायचं. पूर्वी तोडणी सप्टेंबरमध्ये सुरू व्हायची, आता २००३, २०१८, २०२०, २०२२ अशा अनेक वर्षांत ती ऑगस्टमध्येच सुरू झाली. गरम वर्ष, पावसाळी वर्ष, धुक्याचं वर्ष, सगळं लहान शेतकऱ्याच्या बाटलीत उतरतं. तिथे हा दोष समजत नाहीत, त्या वर्षाची नोंद समजतात.

नाशिक-नारायणगावचा संबंध काय?

महाराष्ट्राला ही गोष्ट अगदी परकी नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात शॅम्पेनच्या पद्धतीने स्पार्कलिंग वाईन बनवायला सुरुवात केली. तांत्रिक मदत होती शॅम्पेनमधल्याच पायपर-हायडसिक या हाऊसची. ही वाईन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात गेली. आज नाशिक परिसरातही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या स्पार्कलिंग वाईन बनतात. त्यात बरेचदा शेनिन ब्लांक हे द्राक्ष असतं आणि आंबटपणा टिकावा म्हणून ते लवकर तोडतात.

२००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यानंतर अनेक द्राक्ष बागायतदारांनी स्वतःच्या छोट्या वायनरी काढल्या. वाईन बनली, पण आपल्या नावाने विकणं अवघड गेलं आणि त्यातल्या अनेकांना माघार घ्यावी लागली. आजही वाईनच्या द्राक्षाचा बहुतेक शेतकरी करार करून मोठ्या वायनरीला माल देतो. अडचण बनवण्याची नव्हती, शेतकऱ्याचं नाव ओळखून बाटली उचलणारा ग्राहक नव्हता.

शॅम्पेनच्या ग्रोअरनाही नेमकं हेच लागतं. त्यांच्याकडे जाहिरातीचं बजेट नाही, रेसचं पोडियम नाही. फ्रान्समध्ये त्यांची साधी बाटली २५-३० युरोच्या आसपासही मिळते, इथे येईपर्यंत आयात शुल्क आणि करांनी ती कितीतरी महाग होते. त्यामुळे एवढे पैसे मोजणारच असाल, तर बाटली फिरवून ती बारीक अक्षरं वाचायला दोन सेकंद द्यायला हरकत नाही. ज्या घरातल्या पुढच्या पिढीने द्राक्षं विकून मोकळं व्हायचं की तळघर चालू ठेवायचं, याचा निर्णय अजून घ्यायचाय, त्या घरासाठी ही दोन सेकंद महत्त्वाची असतात.